मराठी पुस्तकाचं ले-आउट, कॉलेज प्रोजेक्ट : शिरोरेषा फाटून राहिली, कोणी सांगेल का काय चुकतंय?

काटोलनाका | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा काढून राहिलो, चुकलं तर सांभाळून घ्या. मी नागपुरात अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि या सेमिस्टरला आम्हाला एक आख्खं पुस्तक करायचं आहे, म्हणजे मजकूर शोधण्यापासून ते छापून, बांधून ज्युरीसमोर ठेवेपर्यंत सगळं आपणच. वर्गातल्या बहुतेकांनी इंग्रजी मजकूर घेतला, कोणी जॅझवर तर कोणी जपानी चहावर. मी आमच्या आबाजींची डायरी घेतली. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे आणि आबाजींनी वीसेक वर्षं रोज लिहिलंय, पाणी कधी तोडलं, झाडांना पाण्याविना ताण किती दिवस दिला, फळ किती गळलं, मजूर किती आले, मध्येच आजीवरचा राग आणि कधीकधी फक्त 'आज काही नाही' एवढंच.

पहिल्या रिव्ह्यूत सरांनी पान हातात घेतलं, दूर धरलं, जवळ धरलं आणि म्हणाले हे वाचवत नाही. काहून वाचवत नाही ते काही सांगितलं नाही, 'स्पेसिंग बघ' म्हणाले आणि पुढच्याकडे गेले. मी टायपोग्राफीच्या एका इंग्रजी पुस्तकावरून सगळं बरोबर केलं होतं, १० पॉइंटाला १२ चं लीडिंग (ओळीपासून ओळीचं अंतर), दोन्ही बाजूंनी जस्टिफाय, मथळ्याला थोडं ट्रॅकिंग (अक्षरांमधलं वाढीव अंतर), आठवणींच्या भागाला इटॅलिक. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये केलंय. पान १४ चा फोटो टाकतोय. पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंच, एकूण ७० पानं. महिनाभर हातात आहे.

उगाच_एक | सोमवार, रात्री ११:५९

फोटो पाहिला. आबाजी 'संत्रा' लिहितात आणि तुझ्या पानावर 'संत् रा' दिसून राहिलं. आधी ते बघ बाप्पा.

बर्डीतून_पुण्यात | मंगळवार, सकाळी ८:१५

मूळची नागपूरचीच, आता पुण्यात पुस्तकांचंच काम करते. फोटो झूम करून पाहिला. तीन वेगवेगळे आजार आहेत आणि तू एकच समजतोयस.

पहिला म्हणजे जोडाक्षरं मोडणं. इनडिझाइनमध्ये पॅरग्राफ पॅनेलच्या मेन्यूत जाऊन कंपोझर (ओळी जुळवणारी सोय) 'वर्ल्ड-रेडी' करायचा, साधा कंपोझर देवनागरी नीट जुळवत नाही, वेलांटी भलत्याच अक्षराशेजारी जाऊन बसते आणि हलंत पाय उघडे पडतात. हे प्रत्येक पॅरग्राफ स्टाइलमध्ये कर, एकेका पानावर करत बसू नकोस. भाषासुद्धा मराठी निवड. फाँटात सोय असेल तर मग ल आणि श आपले येतात, पाकळीचा ल आणि देठाचा श, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. २००९ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने वर्णमालेचा जो शासन निर्णय काढला त्यात हेच ल आणि श धरलेत.

दुसरा आजार शिरोरेषेचा. मथळ्याला तू ट्रॅकिंग दिलंस. इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात, त्यांना लांब केलं तर ती ऐटीत दिसतात. आपली अक्षरं एका दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी, ओढलीस की दांडीच तुटते. ट्रॅकिंग शून्य कर. आणि हे फक्त मथळ्यात नाहीये, तुझ्या मजकुरातही बारीक फटी आहेत. जस्टिफिकेशनच्या खिडकीत लेटर स्पेसिंगला तू काहीतरी आकडे भरलेत, तिथे तिन्ही खाने शून्य ठेव, ग्लिफ स्केलिंग (अक्षराची रुंदी) तिन्हीकडे शंभर. ताणायचंच तर शब्दांमधली जागा ताणू दे.

तिसरा आजार संध्याकाळी सांगते, मीटिंग आहे.

ऱ्हस्वदीर्घ | मंगळवार, दुपारी १:३०

मी मुद्रितशोधन करते, डिझाइनमधलं मला फार कळत नाही, पण त्या एका पानावर मला अकरा चुका दिसल्या. 'दुसर्या', 'वार्याने', 'शेतकर्यांना' हे सगळं रफार देऊन आलंय, तिथे 'दुसऱ्या', 'वाऱ्याने' असा चंद्रकोरीसारखा र हवा. ही डायरी कोणाकडून टाइप करून घेतली का? मला वास येतोय.

काटोलनाका | मंगळवार, दुपारी २:०५

हाव ताई, काटोलला एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली, त्यांनी जुन्या फाँटात दिली, इकडे पेस्ट केली तर सगळे इंग्रजी किडे दिसले, मग ऑनलाइन कन्व्हर्टरमधून युनिकोड केली.

ऱ्हस्वदीर्घ | मंगळवार, दुपारी २:२०

तेच. जुन्या फाँटांत 'ऱ्य' मधला तो र ही वेगळ्या कळीवरची आकृती असते, कन्व्हर्टरला तिचा अर्थ कळत नाही आणि तो सरळ र् + य करून रफार चढवून मोकळा होतो. 'ऱ' टाइप कर (नुक्त्याचा तो र), मग हलंत, मग य किंवा ह. शोधा-बदला करून एका झटक्यात मारू नकोस, 'कार्य', 'सूर्य', 'आर्या' पण बदलतील आणि मग सूऱ्य उगवेल. एकेक बघ. आणि मूळ वही समोर ठेवून आकडे तपास, अक्षरांची चूक वाचणाऱ्याला कळते पण आकड्याची चूक कोणालाच कळत नाही. हाताने लिहिलेला १ आणि ९ यांच्यात पुष्कळदा फक्त एका शेपटीचा फरक असतो.

जुळारी | मंगळवार, रात्री ९:४०

मी नागपुरातल्या महाल भागात छापखान्यात होतो, खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवायचो, नंतर आफसेट आलं, मग कम्प्युटर, तिन्ही पाहिलं. पोरा, तुझ्या प्रश्नात एक गोष्ट मले लगेच टोचली, ७० पानांचं पुस्तक नसतंच. फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदाची घडी, १६ पानांचा. ६४ कर नाहीतर ८०, लय झालं तर अर्धा फर्मा धरून ७२. ७० केलं तर शेवटी कोरी पानं लटकतात आणि लोक म्हणतात छापायचं राहिलं का. साडेपाच बाय साडेआठ, म्हणजे डेमी अष्टमांश, घेतलं ते बेस केलं, हातात बसते.

आमच्या वेळी शिरोरेषा कशी तुटायची माहीत आहे का, एक खिळा घासला गेला की त्याची रेघ बारीक यायची, मग ओळीत मध्येच दात पडल्यासारखं दिसायचं. मराठीले इंग्रजीसारखी सव्वीस अक्षरं नाहीत, शेकडो खिळे, दोन-दोन पेट्या समोर मांडून उभं राहायचं. टिळकांनीसुद्धा खिळे कमी करायची खटपट केली होती. निर्णयसागरचं नाव तर आमचे उस्ताद कानाला हात लावून घ्यायचे, जावजी दादाजींनी १८६९ ले मुंबईत काढलेला छापखाना, त्यांचं जुनं पुस्तक कुठं मिळालं तर भिंगातून पाहा, जोडाक्षर कसं बसवलं आहे ते.

आणि इटॅलिक काढ. मराठीत तिरकं अक्षर हे बहुतेक फाँटांत कम्प्युटरने ढकललेलं असते, कोणी काढलेलं नसते. जोर द्यायचा तर ठळक कर.

बर्डीतून_पुण्यात | मंगळवार, रात्री १०:३०

जुळारीकाका आले, आता धागा चालणार!

तिसरा आजार, लीडिंग. १०/१२ हे रोमन अक्षराचं गणित आहे. आपल्याकडे ओळीच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार, त्यात आणखी 'ट्र', 'द्ध', 'ह्य' असे खाली उतरणारे. १२ पॉइंटाच्या लीडिंगमध्ये वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर जाऊन बसतो, सर म्हणाले 'वाचवत नाही' ते बहुतेक यानेच. शिवाय १० पॉइंट म्हणजे किती मोठं अक्षर हे प्रत्येक फाँटात वेगळं, कारण पॉइंट हा अक्षराभोवतीच्या अदृश्य चौकटीचा असतो. म्हणून आकडा विसर. तू आता एक काम कर, घरातली तीन जुनी मराठी पुस्तकं काढ, नसतील तर विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात जाऊन बस, झाशी राणी चौकात, तुझ्यासाठी लांब नाही. पट्टी घे. पानावर ओळी किती, एका ओळीत शब्द किती, शिरोरेषेपासून शिरोरेषेपर्यंत अंतर किती, समास चारी बाजूंना किती, हे वहीत लिही. मग ये.

दुसरं_वर्ष | मंगळवार, रात्री ११:१०

मी याच कॉलेजची नाही पण आम्हालाही पुढच्या वर्षी हेच आहे म्हणून वाचतेय. एक प्रश्न, इनडिझाइन नाहीये माझ्याकडे, परवडत नाही. स्क्रायबस या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी चालतं का?

बर्डीतून_पुण्यात | मंगळवार, रात्री ११:१८

१.५.३ पासून पुढच्या आवृत्तीत चालतं, त्याच्या आधीचं घेऊ नकोस. फाँटही फुकट चांगले आहेत, मजकुराला तिरो देवनागरी मराठी बघ, मथळ्याला किंवा तक्त्याला मुक्ता. मुक्ता 'एक टाइप' नावाच्या फाँटवाल्यांचा, मुंबईचे.

काटोलनाका | शनिवार, दुपारी ४:२५

मंडळी, तीन दिवस गायब होतो कारण खरंच पट्टी घेऊन बसलो होतो. साहित्य संघात दोन दिवस गेलो, तिसऱ्या दिवशी बर्डीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मोजत होतो, दुकानदाराने विचारलं घेतो का मोजतो, मग वीस रुपयांचं एक घेतलं. आमच्या घरी दीक्षाभूमीवरून आणलेली पुस्तकं होती, तीही मोजली, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत घेतलेल्या लहान पुस्तिका. त्यात कागद हलका आहे, बांधणी पिनेची आहे, पण मजकूर वाचता येतो राजेहो, आमच्या वर्गातल्या जॅझपेक्षा बरा. ओळी सुट्या आहेत आणि कोणी कुठे ट्रॅकिंग दिलं नाही.

माझं मोजमाप असं निघालं की बहुतेक जुन्या डेमी पुस्तकांत पानावर पंचवीस ते एकोणतीस ओळी आणि एका ओळीत आठ-नऊ शब्द. मग उलटं गणित केलं. पानाची उंची साडेआठ इंच म्हणजे ६१२ पॉइंट, वर ५४ आणि खाली ७२ सोडले तर ४८६ उरतात, त्याला १८ ने भागलं तर बरोबर २७ ओळी! मी खुर्चीतून उठलोच. १२ चा मजकूर, १८ चं लीडिंग. पण आता पानं ७० ची ८४ झाली.

जुळारी | शनिवार, संध्याकाळी ६:००

८० कर. चार पानांचा मजकूर काप. आबाजींच्या दहा 'आज काही नाही' पैकी सहा काढले तरी कोणी रडणार नाही.

ऱ्हस्वदीर्घ | शनिवार, संध्याकाळी ६:१२

काका, 'आज काही नाही' एकही काढायचं नाही. त्या पुस्तकातली सर्वात चांगली वाक्यं ती आहेत. एका कोऱ्या पानावर एकटं ठेवण्यासारखी.

जुळारी | शनिवार, संध्याकाळी ६:१५

मग कागद कोण देईल, तुम्ही का?

बर्डीतून_पुण्यात | शनिवार, रात्री ९:०५

भांडू नका. काटोलनाका, मजकूर कापायच्या आधी मांडणीचा विचार कर. तू डायरीचे वर्षांप्रमाणे भाग केलेस, १९८७, १९८८ असे. पण बागेचं वर्ष जानेवारीत थोडीच सुरू होतं? तुझे आबाजी ताण देतात, पाणी तोडतात, मग पाणी सोडतात आणि झाड फुलतं. आंबिया बहार आणि मृग बहार हे फुलायचे हंगाम, पुस्तकाचे दोनच भाग कर. एकात सगळ्या वर्षांचा आंबिया, दुसऱ्यात सगळ्यांचा मृग. मग ओळींमधल्या तारखा बाहेरच्या समासात जातील आणि मजकूर मोकळा होईल.

समासात ९ पॉइंटाच्या टिपा, १२ चं लीडिंग. तीन टिपओळी म्हणजे ३६, मजकुराच्या दोन ओळी म्हणजेही ३६, म्हणजे दर दोन ओळींनी दोन्ही पुन्हा शेजारी येतात. देवनागरीत डोळा बेसलाइनपेक्षा (अक्षरांच्या पायाची रेघ) शिरोरेषा जास्त पकडतो, त्यामुळे आखलेल्या ओळींवर बसलं तरी लहान-मोठ्या अक्षरांच्या रेघा वर-खाली दिसतील, टिपांचा स्तंभ हाताने थोडा वर सरकवून शिरोरेषेला शिरोरेषा लाव.

काटोलनाका | सोमवार, रात्री १:३५

ताई, तुमचं ऐकलं आणि नवीन लफडं झालं. बाहेरचा समास ३६ मिलिमीटर केला, बांधणीकडे २० ठेवला, म्हणजे पानाच्या १४० पैकी मजकुराला ८४ उरले. आता ओळीत साडेसहा-सात शब्द बसतात आणि जस्टिफाय केलं की मध्ये विहिरी पडतात. एका ओळीत 'बागवानांच्याबरोबरच' आणि 'कृषिविद्यापीठातल्या' असे दोनच शब्द आले, आणि मधल्या जागेत बैलगाडी वळवता येईल.

बर्डीतून_पुण्यात | सोमवार, सकाळी ९:५०

हाहा, हे व्हायलाच हवं होतं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात म्हणून शब्द लांब होतात, आणि शब्द तोडून खालच्या ओळीत न्यायची आपल्या वाचकाला सवय नाही. रुंदी कमी आणि शब्द लांब, तर दोन्ही कडा सरळ ठेवायचा हट्ट सोड. डावीकडून सरळ, उजवीकडून मोकळं. डायरी आहे, हाताने लिहिलेल्या वहीलाही उजवी कड सरळ नसते.

उगाच_एक | सोमवार, सकाळी १०:०२

सर म्हणतील अपूर्ण वाटतंय.

काटोलनाका | बुधवार, संध्याकाळी ७:४०

दुसरा रिव्ह्यू झाला. उगाच_एक, तुम्ही ज्योतिष सांगता का? अगदी तेच म्हणाले. 'कडा अपूर्ण वाटते.' मी पहिल्यांदाच उत्तर दिलं, दोन्ही पानं शेजारी ठेवली, विहिरीवालं आणि मोकळं, आणि म्हटलं सर यातलं एक मोठ्याने वाचा. त्यांनी मोकळं वाचलं. पाऊण पान वाचून झाल्यावर विचारलं, 'मग त्या वर्षी फळ टिकलं का?' मी म्हटलं पुढच्या पानावर आहे.

आकड्यांवर मात्र वाद झाला. एका मॅडमचं म्हणणं इंग्रजी आकडे 'क्लीन' दिसतात. मी देवनागरीच ठेवले, कारण डायरीत तेच आहेत. फक्त खर्चाच्या तक्त्यात काही आकडे रुंद-अरुंद येऊन रकाना हलत होता, तिथे उजवीकडचा टॅब लावला.

जुळारी | बुधवार, रात्री ८:३०

शाबास. आता कागद घे. मॅपलिथो, नॅचरल शेड, ७० जीएसएम. पांढरा शुभ्र घेशील तर उन्हात डोळे जातील. आणि कागदाचा दाणा पाहून घे, पुस्तकाच्या कण्याला समांतर पाहिजे. दुकानदाराले कळत नसेल तर स्वतः दोन्हीकडून वाकवून पाह्य, ज्या बाजूनं सहज वाकते तो दाणा.

काटोलनाका | पुढचा रविवार, दुपारी ३:००

काका, दाणा बरोबर घेतला, छपाईत मात्र दोन घोळ झाले, दोन्ही माझेच. एक, मजकूर वर्ड फाइलमधून आला होता म्हणून त्याचा काळा रंग आरजीबी, म्हणजे पडद्यावरच्या रंगांचा, काळा होता, डिजिटल मशीनने तो चार रंगांत छापला आणि प्रत्येक अक्षराला लालसर सावली आली, बारीक अनुस्वार तर डास चावल्यासारखे. फाइलमध्ये सगळा मजकूर फक्त काळ्या शाईवर, शंभर टक्के के, असा केला आणि पुन्हा छापून आणलं. खिसा रिकामा.

दुसरा घोळ ऐका. मे महिना, पारा चव्वेचाळीसच्या वर, छापलेले कागद खोलीत ठेवले आणि रात्रभर कूलर चालवला. सकाळी सगळे कागद पापडासारखे लाटा मारून राहिले. आई म्हणाली कूलरसमोर पापडही ठेवत नाही आपण.

जुळारी | पुढचा रविवार, दुपारी ३:२०

घडी घाल, पाटाखाली ठेव, वर गव्हाचा डबा ठेव, दोन दिवस. आणि त्या खोलीत कूलर नाही, तू घामात बस. पाच फर्मे आहेत ना? दोऱ्यानं शिव, डिंकावर भरवसा ठेवू नको, आपल्याकडच्या उन्हात नुसत्या डिंकाचं पुस्तक गाडीच्या डिक्कीत ठेवलं की पानं मोकळी झालीच समजा.

दुसरं_वर्ष | पुढचा रविवार, रात्री १०:००

फोटो टाका ना दादा!! मी पण आता पट्टी घेऊन फिरते, बस स्टॉपवरच्या पाट्यासुद्धा मोजते, मैत्रिणी हसतात.

काटोलनाका | शुक्रवार, रात्री ९:१५

ज्युरी झाली. फोटो टाकले आहेत, शेवटच्या फोटोत ऱ्हस्वदीर्घ ताईंचं 'आज काही नाही' एकटं पान आहे, कापाकापी करून ८० मध्ये बसवलं. मार्क चांगले मिळाले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पुस्तक उलटं-पालटं केलं, शिवण पाहिली, समास बोटाने मोजला आणि विचारलं फाँट कोणता. नंतर आम्ही सगळे तर्री पोहे खायला गेलो.

दुसऱ्या दिवशी एक प्रत घेऊन काटोलला गेलो. आबाजी खाटेवर बसले, चष्मा लावला, पहिल्या पानापासून वाचायला लागले, एकेका ओळीखाली बोट फिरवत. मी समोर बसून नुसता पाहत होतो, अर्धा तास कोणी बोललं नाही. पान ३७ वर बोट थांबलं. म्हणाले, "आपल्या वावरात ९९ मजूर कधी आले बे?"

११ होते.

ऱ्हस्वदीर्घ | शुक्रवार, रात्री ९:२१

!!!! मी सांगितलं होतं. शेपटी!

काटोलनाका | शुक्रवार, रात्री ९:२४

ताई, खरंच तपासले होते, फक्त तो एक तक्ता रात्री दोन वाजता केला होता.

जुळारी | शुक्रवार, रात्री ९:३०

शुद्धिपत्र छाप. एक छोटी चिठ्ठी, शेवटच्या पानाआधी चिकटव. आमच्या वेळी प्रत्येक पुस्तकात असायची.

उगाच_एक | शुक्रवार, रात्री ९:३३

चिठ्ठीला लीडिंग किती?

काटोलनाका | शुक्रवार, रात्री ९:४१

एकाच ओळीची आहे.